मावशींचं मोठं ताट

"हातात नाही. तोंडात!" मावशी म्हणायच्या आणि घास धरलेला हात माझ्या तोंडासमोर तसाच ठेवायच्या.

पहिल्या दिवशी माझी चांगलीच फजिती झाली. घास पुढे आलेला पाहून मी सवयीने उजवा तळहात पुढे केला, खाली डावा धरला, अगदी प्रसाद घ्यावा तसा. त्या हसल्यासुद्धा नाहीत. त्यांच्याकडे पाहुण्याला आपल्या हाताने घास भरवतात, हे मला कुठून ठाऊक? आपल्याकडे भरवतात ते तान्ह्या बाळाला, नाहीतर लग्नात. बेचाळिसाव्या वर्षी, घटस्फोटाचे कागद ताजे असताना, मी शेजारणीपुढे आ वासून बसलो. लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये आमची दारं समोरासमोर होती. त्या इथिओपियाच्या, सत्तरीतल्या. नवरा वारलेला, मुलगा डॅलसला. एकदा त्यांच्या दारातून आंबलेल्या पिठाचा वास आला आणि मला आंबोळ्या आठवल्या, म्हणून मी बेल वाजवली. 'मावशी' मीच म्हणायला लागलो. अर्थ कळल्यावर त्यांनी ते नाव ठेवून घेतलं.

तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ तीन दिवस आंबवून त्या इंजेरा करत. मऊ, जाळीदार, परातीएवढा. तो ताटात पसरायचा, वर मसुराची तिखटजाळ आमटी, कोबी आणि शिरो. शिरो म्हणजे जवळजवळ आपलं पिठलंच. दर शनिवारी दुपारी सगळ्यांनी त्याच ताटात जेवायचं. सगळे म्हणजे आम्ही दोघं. मी चमचा मागितला तर म्हणायच्या, "बोटं घरी विसरलास?" माझ्या बाजूची आमटी संपली की स्वतःच्या बाजूची इकडे सरकवायच्या. उष्ट्याखरकट्याचं माझं सोवळं दोन शनिवारांत संपलं.

पण मी पडलो आयटीतला. आधी कामं वाढली, मग नुसताच आळस. "मावशी, आज कॉल आहे. डब्यात द्याल?" त्या डबा भरून द्यायच्या. मी लॅपटॉपसमोर बसून चवीने खायचो. हिवाळाभर हेच चाललं.

बर्फ वितळायला लागल्यावर मुलगा त्यांना न्यायला आला. सामान उचलायला मी गेलो होतो. त्याने फ्रीजर उघडला तर आत फॉइलमध्ये गुंडाळलेल्या इंजेऱ्यांची चळतच.

"आई, हे काय?"

"मी दोघांचं करते," मावशी म्हणाल्या. "हा डबा घेऊन गेला की मला एकटीला ताटावर बसवत नाही. मग कॉफी पिते."

त्या तक्रार करत नव्हत्या, मुलाला हिशोब समजावत होत्या. मला मात्र माझा संताप आला. समोरच्या दाराआड त्या उपाशी होत्या आणि मी त्यांचीच आमटी नावाजत होतो.

आता शनिवारी दुपारी डॅलसहून त्यांचा फोन येतो.

"जेवलास? कोणाबरोबर?"

"मित्र आलेत," मी सांगतो. "आणि तुम्ही?"

"आम्ही सगळे आत्ताच बसलोय."

त्यांच्या मागे कोणाचाच आवाज नसतो. माझ्याकडचाही त्यांना येत नसणार.