दात्यांची बाई आणि कपाटाचं दार

सुनंदा खरात गेली, हा निरोप तिच्या मुख्याध्यापकांनी पाठवला. त्यात ‘शांत, सोशिक शिक्षिका’ असे शब्द होते. त्याला पाच आठवडे झाले. माझी नोकरी बातम्या तपासण्याची, म्हणून दुरुस्ती करतो : सुनंदा सोशिक नव्हती.

जालन्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. पुढे ती वाटूरजवळच्या एका गावात विज्ञान शिकवू लागली. शाळेला रोबोट बनवायचं किट मिळालं : मोटारी, चाकं, लहानमोठे गिअर. ते थेट लाकडी कपाटात कुलूपबंद झालं. ‘तपासणीला सामान बराबर भरलं पाहिजे,’ असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता; एक स्क्रू हरवला तरी जाब त्यालाच द्यावा लागे. सुनंदानं दोनदा अर्ज दिला. तिसऱ्यांदा पेचकस नेला आणि बिजागऱ्या सोडवून दारच उतरवलं. ‘कुलपाला हात लावलेला नाही,’ असं लेखी कळवलंही.

ते दार दोन विटांवर तिरपं टेकवून तिनं चढ केला. मी गेल्तो त्या दिवशी आठवीच्या मुलींची गाडी फरशीवर सुसाट धावत होती आणि दारावर चढताना अडत होती. मोटारीला मोठा गिअर आणि चाकाला लहान, अशी त्यांची उलटी जोडणी मला दिसली. मी तोंड उघडलं.

“तू गप बस, पेपरवाल्या,” सुनंदा म्हणाली. “दोन दिवस झाले, मी गप हाय की न्हाई?”

मग तिनं पूजा नावाच्या मुलीला विचारलं, “तुझे पप्पा भरली ट्रॉली चढावर कोणत्या गिअरात घेतात?”

“पहिल्या.”

“का गं?”

“जोर लागतो, मॅडम. तिथं पळून काय करायचं...” पूजा थांबली. वाकून गाडीचे गिअर बघू लागली.

“मंग दाते मोजा.”

मुलींनी मोजून गिअरची अदलाबदल केली : आता मोटारीला आठ दाते, चाकाला चाळीस. मोटारीचे पाच फेरे, तेव्हा चाकाचा एक. पाठीवर कंपासपेटी घेऊन गाडी रांगत वर गेली. गुणोत्तर हा शब्द फळ्यावर आला तो त्यानंतर.

शाळेतल्या शोकसभेला मी होतो. बाईंच्या स्मरणार्थ कपाटाला दार परत बसवावं, नावाची पाटी लावावी आणि किट आत जपावं, अशी सूचना मुख्याध्यापकांनी मांडली. माना हलल्या. मागून पूजा उठली.

“दार न्हाई मिळणार, सर. गाडी चढून राह्यली त्याच्यावर.”

“बाळा, बाईंची आठवण हाय ती. जपावी लागते.”

“बाई ‘जपा’ कधीच म्हणल्या न्हाईत. ‘मोजा’ म्हणायच्या.”

सूचना तिथंच राहिली.

गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. दार विटांवरच आहे. आता तीन विटा झाल्यात, चढ वाढवलाय. मधोमध टायरचे काळे पट्टे पडलेत. सुनंदाचा हार घातलेला फोटो मुलींनी कपाटात ठेवलाय. किट बाहेर आहे.