सातवी पास बाईची अंगणवाडी

मी अंगणवाडीत मदतनीस होते. झाडलोट करायची, खिचडी शिजवायची, पोरं घरून आणायची, एवढंच माझं काम. पण शिकवणाऱ्या सेविकाबाई मुलाकडे दौंडला राहायला गेल्या, त्यांची जागा वर्षभर कुणी भरलीच नाही, आणि भीमेकाठच्या आमच्या वस्तीवरची तीसेक पोरं माझ्या गळ्यात पडली. सरकारी खेळण्यांची पेटी कुलपात असायची. एखादं फुटलं तर भरून कोण देणार, म्हणून ती फक्त साहेब आले की उघडायची. मी पोरांना चिंचोक्यांवर आणि ज्वारीच्या धाटांवर शिकवलं. चांगलं शिकवलं. उगाच लाजायचं कशाला?

मग सेविकेची जागा निघाली. मीही अर्ज केला. त्याच आठवड्यात वस्तीतली एक नवी सून वही घेऊन दारात येऊन बसायला लागली. दहावी पास, वर शिरूरला बालवाडीचा कोर्स केलेला. तिचाही अर्ज होताच. "नुसतं बघती, काकी," म्हणायची. नुसतं बघायला वही कशाला लागते? मी बोलले की तिचं पेन हलायचं. ही माझ्या चुका टिपून वर पाठवणार, असा मी धसकाच घेतला. खिचडीत खडा निघाला तरी आधी तिच्याकडे बघायचे.

एकदा ती पाणी प्यायला उठली, तेव्हा मी वही उघडली. चूक एकही टिपलेली नव्हती. माझी गाणी होती, शब्द न शब्द. कोणतं पोर कशानं रडतं, कोणाला मांडीवर घ्यावं लागतं, सगळं. ती आल्यावर मी विचारलं, "ह्ये कशाला गं?"

ती खाली बघत म्हणाली, "कोर्सात तक्ते करायला शिकवलं, काकी. पोरं कशी सांभाळायची ते कुणी सांगितलंच न्हाई."

माझा संशय काही फिटला नाही. चुका नेल्या असत्या तर परवडलं असतं, ही माझं सगळंच नेत होती.

जागा तिलाच मिळाली. सातवी पासला कोण विचारतं?

तिच्या पहिल्याच दिवशी, मेंढरांमागं गेलेल्या आईसाठी एक पोर हंबरडा फोडून रडायला लागलं. तिनं त्याला उचललं, माझंच गाणं म्हटलं, चाल पार चुकली. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पोर कानामागं हळू खाजवलं की गप होतं, हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. तेवढं तिला मिळालं नव्हतं. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोर रडून रडून ओकलं, तरी मी झाडतच होते.