वहिनी आणि सखूची लेक

नगरच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला तेव्हा मी श्रीगोंद्याला अंगणात तूर पाखडत बसले होते. वहिनी गेली. विषमज्वर. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं... माझी वाट बघायचीसुद्धा फुरसत नव्हती बाईला. लोकांची कामं अंगावर घेऊन घरच्यांना तिनं जन्मभर असंच ताटकळत ठेवलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा लवकर गेला, मूलबाळ नाही. बेचाळीसच्या धामधुमीत ती प्रभातफेरीत सापडली आणि काही महिने तुरुंगात राहून आली. बाकीच्या बायका सुटल्यावर हारतुरे घेऊन घरी बसल्या. ही परवानगी काढून पुन्हा तुरुंगात जायला लागली. आत भेटलेल्या कैदी बायकांचं पुढं कसं होणार, हा तिला घोर. कुणाची सुटका जवळ आली की ही त्या बाईच्या गावी जायची, दारात बसून प्यायला पाणी मागायची, आणि मग तिला घरात परत घेण्याचा विषय काढायची. आपल्या हातानं पाणी दिलं की माणसाला एकदम हाकलता येत नाही, म्हणायची. मी चिडायचे. विधवा बाईनं असं गावोगाव हिंडावं का? ती नुसती हसायची आणि पिशवीत दशम्या भरायची.

सखू पाथर्डीकडची. उपासमार आणि सासुरवास सोसेना म्हणून तान्ह्याला घेऊन तिनं विहिरीत उडी घेतली. पोर गेलं, ही वाचली, आणि त्याच्या खुनाची शिक्षा भोगत बसली. थोरली लेक ठकी सासूपाशी. सखूला दुसरं काही नको होतं, ठकी हवी होती. वहिनी आधी जाऊन आली. नवरा "आना" म्हणाला.

सुटलेल्या बाईला वहिनी आधी कासाराकडे न्यायची. सवाशीण मोकळ्या हातांनी गावात शिरायला नको, म्हणून. सखूलाही तिनं हिरवा चुडा भरवला आणि गावी नेलं. तर नवरा चार दिवसांमागंच पटकीनं गेलेला! तुरुंगात कुणी कळवलंच नव्हतं. सुतकाच्या घरासमोर सून हिरव्या बांगड्या घालून उभी... सासूनं तिच्या हातांकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. सखूनं तिथंच ओट्यावर हात आपटून चुडा फोडला. ठकी आतच राहिली.

वहिनीनं सखूला नगरला आपल्या माडीवरच्या खोलीत आणलं. "चुडा मी भरवला गं," एवढंच मला म्हणाली. पुढं सखूनं गावात पाऊल ठेवायचं नाही असं सासूनं बजावलं, म्हणून वहिनी एकटी जात राहिली. म्हातारी पाणी द्यायची, पोर द्यायची नाही. वहिनी ठकीला जवळ घ्यायची, दशमी भरवायची, परत यायची. अंगात ताप असतानाही एकदा गेली. मला त्या सगळ्या गावाचा संताप यायचा, अजून येतो.

दहाव्यानंतर मी खोली आवरायला गेले, तर म्हातारी ठकीला घेऊन आलेली. बाई गेल्याचं तिला बाजारात कळलं होतं. "माज्याच्यानं आता हुत न्हाई, हिला ठिवून घ्या," म्हणाली आणि खाली ओट्यावर बसून राहिली. वर आली ती एकटी ठकी. वहिनीच्या रिकाम्या खाटेला धरून जी रडायला लागली... "माजी आई गेली," म्हणत होती. वहिनी दिसली की गावातली पोरं ठकीला म्हणायची ना, तुझी जेलातली आई आली! पोरीनं तेच खरं धरलं होतं.

सखू चुलीपाशी उभी होती. मी ठकीला खरी आई कोण ते सांगायला तोंड उघडलं, तर सखूनं माझा हात धरला.

"रडू द्या, ताई. आईसाठीच रडती हाय."

ती खोली मी सोडलेली नाही. दोघी तिथंच राहतात. सखू पोरीची वेणी घालते, दशम्या करून देते, आणि ठकी तिला मावशी म्हणते.