चार बोटं माती

तोर्किलने खरवडलेली जमीन बघायला लोक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून यायचे. यात मी तिखटमीठ लावत नाहीये. पोकलेन चालवणारे आमच्या युटलँड भागात ढिगाने आहेत, पण त्यांची हयात रस्ते नि पाये खणण्यात गेलेली, त्यांना खोल जायचीच खोड. उथळ जाणं फक्त तोर्किलला जमायचं. दात नसलेली ती दोन मीटर रुंद बकेट तो अशी अलगद ओढायचा की वरची नांगरटीची काळी माती निघून खालची पिवळी वाळू पोळपाटासारखी सपाट दिसायची. मग तिच्यावर एकेक गोल डाग उमटायचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरांचे खांब त्या जागी कुजून गेलेले. खांब गेले, डाग राहिले.

बकेटच्या पुढ्यात बोदिल. ही संग्रहालयाची संशोधक, पन्नाशीची, उंच, कायम चिखलाचे बूट. हातात फावडं घेऊन ती मशीनकडे तोंड करून उभी राहायची आणि हाताने खुणा करायची. पंजा खाली दाबला की अजून थोडं. मूठ वळली की थांब. एकोणीस वर्षं हे दोघं असे समोरासमोर काम करत होते, मध्ये फक्त एक काच आणि इंजिनाचा खडखडाट.

"माझ्यापेक्षा त्या बाईनेच तुझं तोंड जास्त पाहिलंय," तोर्किलची बायको आस्टा म्हणायची.

"काचेआडून पाहिलंय गं."

"म्हणूनच टिकली बिचारी."

त्या एकोणीस वर्षांत हेडेगोरच्या शेतांमधून दोघांनी तेवीस घरं काढली. लांबट, एकाला एक लागून, अख्खं गाव. पण माणसं? एकही थडगं सापडलं नव्हतं. एवढं मोठं गाव, दोनशे वर्षं नांदलं, म्हणजे त्याने आपली माणसं कुठेतरी ठेवलीच असणार. बोदिल दरवर्षी नवीन शेत दाखवून म्हणायची, "या वेळी इथे." आणि दरवर्षी आणखी एखाददुसरं घर निघायचं.

इतरत्र मात्र थडगी निघत होती, आणि नेमकी तोर्किल रजेवर असताना. मुलीच्या लग्नाला गेला, नदीकाठच्या उत्खननात पाच निघाली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चर्चमागच्या शेतात नऊ. त्याच्या जागी दर वेळी यायचा क्रेस्टन, एक नंबरचा आळशी. याचं खरवडणं म्हणजे डुकराने उकरल्यासारखं, नुसते गचके नि वरंबे. आणि यश त्याच्याच पदरात! जेवणाच्या खोलीत, म्हणजे चाकांवरच्या त्या पत्र्याच्या डब्यात, यावरून रोज चेष्टा चालायची. "थडगं हवंय? मग तोर्किलला सुट्टीवर पाठवा." तोर्किल राय धान्याच्या काळ्या पावावर लिव्हरची पेस्ट फासता फासता हसायचा. पण तो खरा हसत नसे. निवृत्तीआधी एकदा, निदान एकदा, त्या गावातला एखादा माणूस भेटावा, एवढीच त्याची इच्छा होती.

आणि आता शेवटचा आठवडा आला. तोर्किल शुक्रवारी निवृत्त होणार होता, आणि शेवटचं शेतसुद्धा त्याच संध्याकाळी नव्या रस्त्यासाठी रस्तेवाल्यांच्या ताब्यात जाणार होतं. तीनच चर उरले होते. बुधवारी बोदिल कॉफीचा मग तसाच हातात धरून बसली.

"संपलं म्हणायचं," ती म्हणाली. "रस्ता झाला की पुढची शंभर वर्षं कोणी बघणार नाही."

गुरुवारी सकाळी तोर्किलने आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलून रजा घेतली.

"घसा बसलाय," त्याने फोनवर खर्जातला आवाज काढला. "क्रेस्टनला बोलवा."

फोन ठेवला आणि रेडिओबरोबर गाणं गुणगुणायला लागला. आस्टा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"घसा बराच लवकर सुटला."

"माझ्या हाताला थडगं लागत नाही, आस्टा. उद्या शेत जाणार. माझ्यामुळे बोदिलचं अडायला नको."

"चौसष्ट वर्षांचा घोडा झालास आणि नशिबावर विश्वास ठेवतोस?"

"माझ्या नशिबावर नाही. क्रेस्टनच्या."

आस्टाला हसू आलं, पण तिने त्याच्यासाठी पुन्हा कॉफी टाकली. तिला कळत होतं की हा माणूस मशीन सोडून घरी बसलाय, म्हणजे चेष्टा नाही.

साडेदहाला बोदिलचा फोन आला. "घसा बरा झाला असेल तर ये. दोन सापडलीत!"

तोर्किल सायकलवर टांग मारून निघाला तो थेट चरापाशी थांबला. सगळ्यांनी त्याला बघून एकच कल्ला केला. "आजारी माणूस आला! पळा, थडगी लपतील!" क्रेस्टन मशीनच्या पट्ट्यावर बसून सिगारेट ओढत होता, जावईबापूंच्या थाटात. तोर्किलला इतका आनंद झाला की त्याने बोदिलला मिठी मारली, आणि एकोणीस वर्षांत ही पहिलीच, त्यामुळे दोघंही जरा गोंधळले.

मग तो खाली बसला. ताटाएवढा काळा डाग, त्यात कोळसा आणि जळक्या हाडाचे पांढरे तुकडे. चितेवरून गोळा करून खळग्यात ठेवलेलं एक माणूस. त्याला पहिल्यांदा सवयीप्रमाणे रागच आला. काय हे काम! वाळू उघडीसुद्धा केली नव्हती क्रेस्टनने, वर चार बोटं माती तशीच सोडलेली. त्याने डागाच्या कडेला बोटं लावून पाहिली. डाग त्या चार बोटांतच होता. खाली स्वच्छ पिवळी वाळू, ज्या वाळूपर्यंत तो रोज जात आला होता.

त्याने पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या डागापाशी जाऊन मोजलं.

"बोदिल," तो म्हणाला, "मी असतो तर हे काढून टाकलं असतं."

क्रेस्टनने सिगारेट विझवली. "मी आपला कंटाळा करतो रे," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं नशीब आहे."

तोर्किल मातीच्या ढिगाऱ्याकडे बघत होता. त्या ढिगाऱ्यासारखे किती ढिगारे त्याने आजवर घातले असतील. ज्या सफाईचा त्याला अभिमान होता, त्याच सफाईने तो ज्यांना शोधत होता त्यांना उचलून बाजूला टाकत आला होता. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

बोदिल त्याच्या शेजारी ओल्या मातीत बसली.

"हात तुझा नव्हता," ती म्हणाली. "माझा होता. पंजा खाली कोण दाबत होतं? अशी थडगी उथळ असतात हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण तुझी जमीन इतकी देखणी दिसायची, अहवालात फोटो इतके सुंदर यायचे... मला मोह आवरला नाही."

"किती गेली असतील?"

"नाही कळणार आता."

मग बोदिल उठली आणि डब्यात जाऊन रस्तेवाल्यांना फोन लावला. थडगी निघाली म्हटल्यावर त्यांना आणखी तीन आठवडे द्यावेच लागले. रस्तेवाला फोनवर इतका ओरडला की बाहेरच्यांनाही ऐकू आलं, आणि सगळे पुन्हा हसायला लागले.

शुक्रवारी डब्यात मलईचा थरांचा केक येऊन बसला होता, त्यावर कागदी झेंडे खोचलेले. पण तोर्किल आत फिरकला नाही. निवृत्ती दुपारी, तोवर मशीन त्याचं. तो आयुष्यात पहिल्यांदा घाणेरडं खरवडायला बसला. चार बोटं वर, वरंबे तसेच सोडून. त्याला फार जड गेलं, अंगाला खाज सुटली असताना हात बांधून बसल्यासारखं. पुढ्यात बोदिल. तिचा पंजा सवयीने खाली गेला, आणि तोर्किलने काचेतून मान हलवली. नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तिचं ऐकलं नाही. तिने पटकन हात पाठीमागे बांधले.

तासाभराने मातीचा रंग किंचित बदलला. बोदिलची मूठ वळायच्या आत बकेट थांबली होती.

तोर्किलने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. बोदिल थापीने वरची माती सारत होती. कोळसा. मडक्याचा काठ. आगीत वाकलेली लोखंडी टाचणी, शालीला लावतात तसली. आणि हाडाचे बारीक तुकडे, काही नखाएवढे.

"बाई असावी," ती म्हणाली. "नक्की नाही सांगता येत."

तोर्किल गुडघ्यांवर बसला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. डब्यातून कोणीतरी केकसाठी हाका मारत होतं, त्याचं लक्ष नव्हतं.

"नमस्कार," तो त्या काळ्या डागाला म्हणाला. "मी तोर्किल. तुमची घरं पाहिलीत मी, तेवीसच्या तेवीस. गुरं पूर्वेकडे, चूल पश्चिमेकडे. तुमची तेवढी भेट होत नव्हती."