अंगठ्याखालची नाडी

सकाळी बायको कप दोन्ही तळहातांत धरून चहा पिते. संधिवाताने तिची बोटं आखडलेली असतात, ऊन वर येईपर्यंत मिटत नाहीत. आता हृदयाचे ठोकेही मधूनच चुकतात. सांध्यांचाच आजार आत उतरलाय, रोज नाडी बघत जा, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या बोटांना ते जमत नाही, म्हणून मी बघतो. एवढ्या वर्षांच्या संसारात कधी असा तिचा हात धरला नाही. आता रोज चहानंतर धरतो.

सुरुवातीला नाडी अगदी एकसारखी लागायची. मग दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "काका, अंगठा नका लावू. अंगठ्याला तुमचीच नाडी लागते." म्हणजे तिच्या मनगटावर मी माझेच ठोके मोजत होतो. बोटं लावली तेव्हा तिचे कळले. दोन लागोपाठ, मग काहीच नाही, मग घाईघाईने एक. भीती वाटायला हवी. वाटत नाही. चहावर साय धरते तसं काहीतरी माझ्यावर धरलंय.

आज तिने हात पुढे केला. "बरी आहे का हो?"

मी अंगठाच ठेवला. ठोके एकसारखे पडत होते.

"बरी आहे," मी म्हणालो.