उंबरठ्यातल्या मेखा

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरच्यांनी आम्हाला फसवलं. ती कशी मेली, हे त्यांनी सोळा वर्षं लपवून ठेवलं, आणि लपवायला त्यांना एकच शब्द पुरला. भूत.

आमच्या घरात हा शब्द तोवर हलकाच होता. वडील हमाली करून यायचे, आम्ही सगळी एका खोलीत, आणि मी दारात रेंगाळलो की आई ओरडायची, "काहून गा भुतावानी उभा आहेस? एक तं आत ये नाई तं बाहेर जा." बहीण कणकेचे हात तोंडाला फासायची, केस पुढे घ्यायची आणि पाणी भरून येणाऱ्या मला दाराआडून भ्यॅ करायची. मी घाबरायचो नाही, पण घागर हिंदकळायची. मग आई दोघांनाही बदडायची आणि म्हणायची, थांबा, दोघांचंही भूत उतरवतो आता. सोळाव्या वर्षी मी नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या वखारीत कामाला लागलो आणि सकाळ-संध्याकाळ सागवानाशिवाय दुसरं बोलेना, तेव्हा वडील म्हणाले, "याच्या मानगुटीवर लाकडाचं भूत बसलं." ते कौतुकाने म्हणाले होते. ते एकदाच कौतुकाने बोलले, म्हणून लक्षात आहे.

पुढे मी स्वतःचा धंदा काढला. पाडायला काढलेली जुनी घरं बघायची, त्यांची दारं, खिडक्या, चौकटी, तुळया विकत घ्यायच्या, साफ करून विकायच्या. या धंद्यात भूत हा शब्द कामाचा आहे. घर बघायला गेलो की मी मालाकडे बघायचोच नाही. आधी विहिरीत डोकावायचो आणि मालकाला हळूच विचारायचो, "इथं कोणी पडलं होतं काय हो?" पडलेलं कोणी नसायचं. पण मालकाच्या बायकोचा चेहरा उतरायचा, शेजारी काहीबाही आठवायला लागायचे, आणि भुताटकीच्या घराचं लाकूड कोण घेणार म्हणत मी भाव पाडायचो. नागपुरातल्याच महाल भागात एका विधवा बाईंचा अख्खा जिना मी असा मातीमोल उचलला. लाज वाटली नाही. मला कोणी काही फुकट दिलं नव्हतं, मग मी का द्यावं, असा तेव्हाचा हिशेब.

बहिणीची सोयरीक मीच ठरवली. पारशिवनीकडचं गाव, डांबरी सडकेपासून दोन कोस आत, घरची शेती, सागवानी घर, दारात बैलजोडी. मी मुलगा बघितला त्यापेक्षा जास्त वेळ त्या घराची चौकट बघितली होती. चौकटीवर वेलबुट्टी होती, लाकूड जुनं आणि निब्बर. असं घर पडत नाही, असं मी आईला येऊन सांगितलं.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात मी तिला आणायला गेलो. तेव्हा साठचं दशक सरत आलं होतं. तिचा सासरा ओसरीवर बसला होता. मला पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाला, "पाहुणे, पोरीले बाहेरचं लागलं आहे. दोनदा दातखीळ बसली, हातपाय झाडले तिनं. आमच्या जाणत्यानं सांगतलं, शीव ओलांडू देऊ नका. ओलांडली तं ते भूत संगं जाईन. तुमच्याच घरात घुसन."

मी विचारलं, "किती दिवस?"

"महिनाभर तरी."

"महिना नाही. आठ दिवस."

"आठात कुठं उतरते गा भूत? ते का वखारीतलं लाकूड आहे काय, उचललं अन् नेलं?"

ओसरीवरचे दोघेचौघे हसले. मीही हसलो. असं घासत घासत आम्ही पंधरा दिवसांवर आलो. महिन्याचे मी पंधरा दिवस केले. मी जिंकलो असंच मला वाटलं.

बहीण आतल्या दारात उभी होती. तिचे पाय सुजले होते, जोडवी बोटांत रुतून बसली होती, डोळ्यांखाली फुगलं होतं. ती म्हणाली, "दादा, मले आजच ने ना."

"पंधरा दिवस वं. मोजून पंधरा."

"डोकं लय दुखते दादा. डोळ्यापुढं चांदण्या दिसून राहिल्या."

"मी बोललो ना त्याईच्याशी. शब्द दिला आता."

ती आत जाऊन आली. मला चिवड्याची पुरचुंडी दिली, एस्टीत खायला. मी ती खाल्ली.

अकराव्या दिवशी निरोप आला. सकाळच्या पहिल्या गाडीने त्या गावचा एक माणूस आला आणि वखारीच्या फाटकातूनच म्हणाला, बाई गेली, बाळही पोटातच गेलं, काल दिवस बुडता बुडता आटोपलं सगळं. म्हणजे आम्हाला तोंडसुद्धा दिसणार नव्हतं. वडील तेव्हा हयात नव्हते. मी आईला घेऊन निघालो.

सडकेवर उतरून आम्ही चालत गेलो. गावाजवळ स्मशानाकडून येणारी पायवाट आमच्या वाटेला मिळते. तिथून थेट त्यांच्या घरापर्यंत जमिनीवर राळे सांडले होते. राळे म्हणजे खसखशीपेक्षा थोडं मोठं, पिवळं धान्य. पोटुशी बाई मेली की तिची हडळ होते आणि ती घराकडे परत येते, असं मानतात. म्हणून तिला जाळून परतताना वाटेवर राळे टाकत येतात. हडळ एकेक दाणा वेचत बसते, तेवढ्यात उजाडतं, आणि ती घरापर्यंत पोचत नाही. मला हे ऐकून माहीत होतं, पाहिलं नव्हतं. मी ते दाणे तुडवत तरातरा पुढे निघालो. मागे वळून पाहिलं तर आईने लुगडं घोट्याच्या वर धरलं होतं आणि ती वाटेच्या कडेकडेने चालत होती. दाणे हलू नयेत म्हणून. रडत होती, पण दाणे हलू देत नव्हती. माझ्या बहिणीचं भूत झालं ते त्या क्षणी. तोवर ती मेलेली होती, एवढंच.

आम्हाला अंगणातच बसवलं. सुतक आहे, आत नका येऊ, असं सांगितलं. सासरा म्हणाला, "काय करता पाहुणे? दुखाले लागलं अन् घटकाभरात खेळ खलास. गाडी जुंपाले बी सवड नाई भेटली. भुतानं उचललीच तिले." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. चार जणांनी धरलं. जावई भिंतीला टेकून खाली बघत बसला होता. त्याने मान वर केली नाही. मला वाटलं, दुःखाने करत नसेल.

त्यानंतर आमच्या घरातून तिचा फोटो गेला. आईने तो कापडात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. दिवेलागणीला ती दार लावून घ्यायची आणि दर अमावास्येला दहीभात घराबाहेर, गल्लीच्या तोंडाशी ठेवायची. लेकीला जेवायला नव्हे. लेकीने तिथूनच परत जावं म्हणून. शेजारची एखादी पोर तोंडाला पीठ फासून खेळायला लागली की आई तिला हाकलून द्यायची. जिने तिला नऊ महिने वाहिलं, तिला तिचीच भीती वाटावी, हे त्या घराने आम्हाला दिलं.

आणि मी काय केलं? दर नव्या घरी विहिरीत डोकावणं मी सोडलं नाही. हेही लिहून ठेवतो. फरक एवढाच पडला, की कोणी हसत हसत भुताच्या गोष्टी सांगायला लागलं की मी भांडण उकरून काढायचो. दोन गिऱ्हाइकं त्यापायी तुटली.

सात-आठ वर्षांनी धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या दवाखान्यासाठी माझ्याकडून जुन्या सागवानी दारांची जोडी घेतली. दारं बसवून झाल्यावर त्यांनी चहा दिला. मी सहज विचारतो असं दाखवून बहिणीचं सगळं सांगितलं: पायाची सूज, डोकेदुखी, चांदण्या, दातखीळ. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "याला नाव आहे. रक्तदाब वाढतो आणि झटके येतात. वेळेत आणलं तर बरेचदा आई वाचते. तुम्ही केव्हा आणलं होतं?"

मी म्हणालो, आणलं नाही. मग स्वतःची समजूत घातली, की घटकाभरात गेली म्हणतात, आणणार कधी?

मागच्या उन्हाळ्यात एका दलालाने सांगितलं, पारशिवनीकडे एक सागवानी घर निघतंय, सिमेंटचं बांधायचंय त्यांना. गावाचं नाव ऐकलं आणि मी गेलो. सासरा मरून गेला होता. जावई आता घरचा कर्ता, दुसऱ्या बायकोची पोरं मोठी झालेली. त्याने मला ओळखलं. दोघांनीही जुनं काही काढलं नाही. मी माल बघायला लागलो.

ती चौकट तशीच होती. उंबरठ्याशी मी वाकलो. दोन्ही टोकांना लाकडात लोखंड ठोकलेलं, जाड, चौकोनी डोक्याच्या मेखा, गंजून काळ्या पडलेल्या. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "उंबरठ्यात लोखंड भरून ठेवलंय. आऱ्याचे दात जातील माझ्या. याचा भाव कमी धरावा लागंन."

जावई म्हणाला, "भाऊ, त्या तिच्याच वेळच्या आहेत. परत येऊ नाई म्हणून ठोकल्या होत्या बाबानं."

मी तिच्या नावच्या मेखांवर भाव पाडत होतो.

मी उंबरठ्याजवळच खाली बसलो. जावयालाच काय वाटलं कोण जाणे, त्याने गावच्या म्हाताऱ्या लोहाराला बोलावणं धाडलं. म्हणाला, याच्याच हातच्या आहेत, हा काढून देईल. लोहार आला, हाताने चाचपून बघितलं आणि खूश झाला. "पहा बरं, अजून हालत नाई. घाईत घडवल्या तरी."

मी विचारलं, "घाई कशाची होती बाबा?"

"अवो, बाजाराचा दिवस होता. आमची गाडी जुंपून तयार, पारशिवनीले चाललो होतो. अर्धं गाव चाललं होतं. तेवढ्यात यायच्या बाबाचा निरोप आला, मेखा पायजेत, आत्ताच्या आत्ता. उतरलो, भाता पेटवला. न्याहारीपर्यंत देल्या करून."

"म्हणजे ती सकाळीच गेली होती?"

"मलेही तसंच वाटलं गा. मी बाजारातून परत आलो दुपार कलल्यावर, तं यायच्या घरातून कण्हणं ऐकू येऊन राहिलं होतं. म्या बायकोले म्हटलं, आता वं? हे तं जित्ती आहे."

जावई म्हणाला, "म्हातारा झाला भाऊ तो. काहीबी बोलते."

लोहार भडकला. "काहीबी नाई बोलत! रातभर अडली होती पोर, साऱ्या गल्लीनं ऐकलं. गाडीत घालून न्या म्हणत होती माही म्हातारी. तुह्या बापानं काय सांगतलं? वाटेत मेली तं गाडी बाटते, बैल बाटतात, पुन्हा कोण जुंपन त्याईले? सांग ना, सांगतलं का नाई?"

जावई उठून गोठ्याकडे गेला. रात्रभर ती अडली होती. सकाळी अर्धं गाव पारशिवनीला चाललं होतं, आणि तिथून नागपूरची एस्टी. त्यांनी गाडी जुंपली नाही, मेखा घडवायला सांगितल्या. ती जिवंत असताना तिच्या भुताची तयारी केली, आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.

मी लोहाराला मेखा काढू दिल्या नाहीत. जावयाने सांगितला तोच भाव मान्य केला, जन्मात पहिल्यांदा, आणि फक्त तो उंबरठा घेऊन आलो. तो माझ्या वखारीत पत्र्याखाली आहे. विकायचा नाही.

आईला मी सगळं सांगितलं. ती आता डोळ्यांनी अधू झाली आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुह्या मनात त्याईचा राग आहे, म्हणून तू असा बोलते. लोहाराचं काय, म्हातारा माणूस. जवायानं सांगू दे. तो घरात होता. त्याच्या तोंडून ऐकलं तं मानीन मी." आणि परवाच्या अमावास्येला पुन्हा दहीभात गल्लीच्या तोंडाशी ठेवून आली, भिंत चाचपत.

पंधरा दिवसांचा सौदा माझा. त्याचा जाब मी मला रोज विचारतो, त्यात कोणाची मदत नको. पण त्या सकाळचा जाब माझ्याकडे नाही. जावईबापू, तुम्हाला दोन पत्रं घातली, उत्तर नाही. बाप मेला म्हणून सुटाल असं समजू नका; आम्ही आलो तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होता, आदल्या दिवशी कण्हणं तुम्हालाही ऐकू येत होतं. नागपूरला या. माझ्या आईसमोर बसा आणि सांगा, की तिच्या लेकीला कुठलंही भूत लागलं नव्हतं आणि ती कुठलंही भूत झाली नाही. सांगा, तुमचे बैल त्या दिवशी गोठ्यात का बांधलेले होते. आई फार दिवस काढेल असं दिसत नाही. त्याआधी या.