आधीच दिलेली उपकारस्तुती

इंदापूरला मी शाळेत नवीन लागले होते, नव्वदच्या दशकातली गोष्ट. मधल्या सुट्टीत डबा खाताना एका सहकारी बाईंनी मला विचारलं, "तुम्हा ख्रिश्चन लोकांत देवावर शंका घेतात का हो? का सगळं डोळे मिटून?" बाई स्वभावानं गरीब, त्यात खोच काही नव्हती. पण माझ्या नाकावर राग कायमचाच. मी म्हणाले, "घेतात की! माणसंच आहोत आम्ही." आणि भेंडीच्या भाजीत मान घातली. कारण माझ्यासमोर ज्या एका माणसानं खरोखर शंका घेतली होती, त्याचं तोंड मीच बंद केलं होतं. ती माझी आई. तिला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आम्ही बारामतीचे. पप्पा शाळेत गुरुजी आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच, म्हणजे तिचा कारभार बघणारे. मंडळी लहान, पाच-पंचवीस घरांची, त्यामुळं पंचांच्या घरात काय शिजतं ते सगळ्यांना ठाऊक. दर बुधवारी पप्पा एसटीनं कळंबला जायचे आणि तिथल्या दोन-तीन कुटुंबांची प्रार्थनासभा घ्यायचे. आमच्या घरी कुणी शिंकलं तरी प्रार्थना व्हायची. मी रविवारी संडे स्कूल घ्यायचे. एखाद्या कार्ट्यानं विचारलंच, "टीचर, देवाला कुणी बनवलं?" की मी म्हणायचे, "चला, आता गाणं म्हणूया." या कामात मी भलतीच पटाईत होते.

आईच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की सगळी गाठ काढता आलेली नाही, पुन्हा वाढेल. पप्पांनी ते मला सांगितलं, आईला नाही. घरी आल्यावर मात्र तिनं अशी काही उचल खाल्ली की आम्ही बघतच राहिलो. जेवायला लागली, हसायला लागली, एक दिवस तर मला चुलीपुढून ढकलून स्वतः भाकरी थापायला बसली. पप्पांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "प्रभूनं केलं. डॉक्टरला काय कळतंय?"

आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची पाकिटं असतात. कुणी परीक्षेत पास झालं, कुणाला नोकरी लागली, कुणी दुखण्यातून उठलं, की पाकिटावर कारण लिहून दान द्यायचं. रविवारी उपासनेत पाळकसाहेब ते सगळ्यांसमोर वाचतात आणि अख्खी मंडळी उभी राहून देवाचे आभार मानते. पप्पांनी पाकिटावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं, "पत्नीला दुखण्यातून पूर्ण बरे केल्याबद्दल." मी ते वाचलं. म्हटलं, "पप्पा, थोडं थांबूया का? पुढच्या तपासणीपर्यंत?" त्यांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं. म्हणाले, "थांबणं म्हणजे अविश्वास, बाळ. मिळाल्यावर आभार कुणीही मानील." मी विषय सोडला. ते पंच आणि मी संडे स्कूलची टीचर.

पाकीट वाचलं गेलं. मंडळी उभी राहिली. म्हाताऱ्या बायांनी आईला मिठ्या मारल्या, कुणी रडलं. आई लाजून हसत होती, आणि खरं सांगते, त्या दिवशी माझाही विश्वास बसला. बसावा असंच तिचं तोंड दिसत होतं.

आठ दिवसांत पोट पुन्हा दुखायला लागलं.

आता आली का पंचाईत! अवघड जागी दुखणं अन् जावई डॉक्टर, तशातली गत. देवाचे जाहीर आभार मानून झाले होते. परत जाऊन काय सांगणार, साहेब, ते पाकीट चुकून दिलं? आमच्यात तशी रीतच नाही. बरं झाल्याचं पाकीट असतं, बरं न झाल्याचं कुठलं पाकीट नसतं. बऱ्या झालेल्या बहिणीला, म्हणजे आईला, बघायला कळंबहून माणसं यायची. आई पदरानं कपाळावरचा घाम टिपायची, उठून बसायची आणि आमच्यातल्या नमस्काराच्या रीतीनं म्हणायची, "सलाम, सलाम. प्रभूची कृपा." ती माणसं गेली की भिंतीकडं तोंड करून आडवी व्हायची. एकदा मला म्हणाली, "आता मला दुखायचीसुद्धा सोय राहिली नाही गं." मी हसले. तिला वाटावं की तिनं विनोद केलाय, म्हणून हसले. आजही त्या हसण्याची मला लाज वाटते.

पप्पा गोळ्या वेळेवर देत होते, बारामतीच्या डॉक्टरांकडं नेत होते, त्यात कसूर नव्हती. पण दुखण्याचं नाव घरात निघत नव्हतं. प्रार्थनेत ते फक्त आभार मानायचे, मागायचे काही नाही. मागावं तर आधीचे आभार खोटे पडत होते.

आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. त्यांच्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची. आता मावशींचा नवरा उसाचा ट्रॅक्टर चालवायचा आणि मावशी दूध घालायच्या. एका दुपारी मी दुधाचं भांडं द्यायला त्यांच्याकडं गेले तर देव्हारा रिकामा. खाली पितळी पातेल्यात पाणी आणि पाण्यात त्यांच्या देवाचे चांदीचे टाक. म्हटलं, "मावशी, हे काय?"

"तुज्या आईसाठी हाय," त्या म्हणाल्या. "देव पाण्यात घातल्यात. ती उठून चालाय लागल्याबिगर काढायची न्हाय. बसू द्या गार पाण्यात. कळू द्या त्यास्नी बी."

"आमच्यात असं चालत नाही, मावशी."

"आगं, तुमच्यात न्हाय चालत, म्हनून तर मी घातलं. तुमचं तुमी करा, माजं मी करते." आणि मला फणकाऱ्यानं म्हणाल्या, "तुमी लोक देवावर रुसत बी न्हाय व्हय? मग त्येला कळायचं कसं?"

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. करमणूक म्हणून सांगितलं. पप्पा बुधवारचे कळंबला गेले होते. आई आधी हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तिचा देव माझ्यासाठी पाण्यात बसलाय. आपला कुठंय गं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती माझा हात धरून उठायला बघत होती. म्हणाली, "नाही, मी खरंच विचारते. इतकी वर्षं बोलतेय मी. पलीकडं कुणी आहे का? तू शिकलेली आहेस. तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं? मला वाटत होतं की कुणी नाही. त्या पाकिटाच्या रविवारनंतर कितीतरी वेळा मी डोळे मिटले होते आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं नुसता अंधार होता. हे मी तिला सांगू शकले असते. "मलाही माहीत नाही, आई," एवढं तरी म्हणू शकले असते. पण माझी जीभ संडे स्कूलची. मी म्हणाले, "आई, असं बोलू नये. सैतान दुखण्यात परीक्षा बघतो. चल, आपण प्रार्थना करूया." आणि तिचे दोन्ही हात धरून मी चांगली लांबलचक प्रार्थना केली. शब्द तर काय, धो धो येत होते. प्रार्थना संपल्यावर आई "आमेन" म्हणाली. घरी आलेल्या पाहुण्याला म्हणतो ना, जेवून जा, तशा आवाजात म्हणाली. आणि माझा हात सोडून भिंतीकडं वळली.

त्यानंतर ती दीड महिना होती. मी कितीदा तिच्या उशाशी जाऊन बसले. एकदा धीर करून म्हटलंही, "आई, त्या दिवशी तू काय विचारत होतीस..." तर म्हणाली, "काही नाही गं, दुखण्यात माणूस काहीही बरळतं." माझ्यापुढं ती आता पाहुण्यांशी बोलायची तसंच बोलायला लागली होती. प्रभूची कृपा, प्रभूची कृपा. मी हात टेकले. ज्या एका माणसापाशी तिला बोलता आलं असतं, तेही मंडळीत जाऊन बसलं होतं.

ती गेली त्या दिवशी शेजारच्या मावशींनी टाक पाण्यातून काढले आणि अंगणात उभ्या राहून आपल्या देवाला अशा काही शिव्या घातल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. मी खिडकीतून ऐकत होते. मला त्यांचा इतका हेवा वाटला! दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या या बहिणीचा विश्वास शेवटच्या श्वासापर्यंत ढळला नाही." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. पाकीट कसं खोटं पडलं याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. प्रभूनं तिला स्वर्गात पूर्ण बरं केलं, असा त्याचा अर्थ लागला होता, आणि तो लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, म्हणून भांडताही येईना.

चौथ्या दिवशी पाहुणे पांगले. संध्याकाळी पप्पा आणि मी दोघंच घरात होतो. पप्पा आईच्या कॉटवर बसले होते. त्यांनी विचारलं, "तू सारखी तिच्यापाशी असायचीस. तुझ्याशी काही बोलली का? देवाबद्दल? काही विचारलं का तिनं?"

मला वाटलं, हे पंच आहेत, यांना कळलं तर हे मोडून पडतील. आपल्या बायकोनं शंका घेतली हे ते कुणाला सांगणार, आणि न सांगता तरी कसे जगणार? म्हणून मी ताबडतोब म्हणाले, "नाही पप्पा. काही नाही. शांत होती अगदी."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

पप्पांनी मान हलवली. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला वाटलं होतं, निदान तिनं तरी विचारलं असेल. मला तर धीरच झाला नाही."

त्यांना खरं सांगायचं तर आत्ताच खोटं बोलले हे आधी सांगावं लागणार होतं. मी स्वयंपाकघराकडं वळले. मग म्हणाले, "पप्पा, चहा टाकू?"

"टाक," ते म्हणाले.